'कोकरोधक' या विशेषणाचा हिशेब : मिथेनच्या शुष्क रिफॉर्मिंगसाठीच्या निकेल उत्प्रेरकांवरील संशोधनाचे समीक्षण

सारांश :
मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून संश्लेषण वायू तयार करण्याच्या अभिक्रियेस शुष्क रिफॉर्मिंग म्हणतात. या अभिक्रियेसाठी निकेल हा स्वस्त व क्रियाशील उत्प्रेरक आहे. परंतु त्याच्या पृष्ठभागावर कार्बन, म्हणजेच कोक, साचतो आणि उत्प्रेरक निकामी होतो. गेल्या चार दशकांत 'कोकरोधक' निकेल उत्प्रेरकांविषयी विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखात २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निकेल-मॉलिब्डेनम उत्प्रेरकावरील शोधनिबंध, त्यावर घेतला गेलेला आक्षेप आणि मूळ लेखकांचे उत्तर यांचे समीक्षण केले आहे. कोकरोधकता हा उत्प्रेरकाचा अंगभूत गुण नसून विशिष्ट तापमान, दाब, वायुमिश्रण व कालावधी यांच्या संदर्भातच तिला अर्थ प्राप्त होतो, आणि हा संदर्भ न देता केलेला दावा अपुरा ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : शुष्क रिफॉर्मिंग, निकेल उत्प्रेरक, कोक, घन द्रावण, समतोल, संश्लेषण वायू.

१. प्रस्तावना

मिथेनचा एक रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू यांच्या अभिक्रियेतून कार्बन मोनॉक्साइडचे दोन व हायड्रोजनचे दोन रेणू मिळतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी १९२८ मध्ये निकेल व कोबाल्ट यांच्यावर या अभिक्रियेचा अभ्यास केला होता. म्हणजे हा विषय शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. तथापि तो संशोधनाच्या केंद्रस्थानी आला तो हवामानबदलाची चर्चा सुरू झाल्यानंतर. दोन हरितगृह वायू एकाच वेळी वापरले जातात आणि त्यांच्यापासून उपयुक्त रसायनांचा कच्चा माल मिळतो, हे या अभिक्रियेचे आकर्षण आहे.

उद्योगात आज मिथेनचे रिफॉर्मिंग प्रामुख्याने वाफेच्या साहाय्याने केले जाते. त्या अभिक्रियेस प्रति मोल मिथेन २०६ किलोज्यूल उष्णता लागते व हायड्रोजनचे कार्बन मोनॉक्साइडशी प्रमाण तीनास एक असे मिळते. शुष्क रिफॉर्मिंगला २४७ किलोज्यूल लागतात व प्रमाण एकास एक मिळते. अ‍ॅसिटिक आम्लासारख्या काही उत्पादनांसाठी कार्बन मोनॉक्साइडने समृद्ध असा वायू सोयीचा असतो; मिथेनॉलसाठी मात्र हे प्रमाण दोनाच्या आसपास असावे लागते.

ऱ्होडियम व रुथेनियम हे धातू या अभिक्रियेत निकेलपेक्षा सरस असून त्यांच्यावर कार्बन फार कमी साचतो. डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सो कंपनीतील येन्स रोस्त्रुप-निल्सन व त्यांचे सहकारी बाक हान्सेन यांनी १९९३ मध्ये विविध धातूंची तुलना करून हे दाखवून दिले. परंतु हे धातू दुर्मिळ व महाग आहेत. त्यामुळे 'निकेलच वापरावयाचे, पण त्यावर कोक साचू द्यावयाचा नाही' हा या क्षेत्राचा संकल्प ठरला. त्या संकल्पातूनच 'कोकरोधक' हे विशेषण रूढ झाले. हे विशेषण किती पुराव्यावर दिले जाते, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. कोक कोठून येतो?

कार्बन साचण्यास मुख्यतः दोन अभिक्रिया कारणीभूत असतात. पहिलीत मिथेनचे विघटन होऊन कार्बन व हायड्रोजन मिळतात. ही अभिक्रिया ऊष्माग्राही असल्याने तापमान वाढते तशी ती बळावते. दुसरीत कार्बन मोनॉक्साइडच्या दोन रेणूंपासून कार्बन व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. ही ऊष्मादायी असल्याने कमी तापमानाला व अधिक दाबाला अनुकूल असते. या दोन्हींचा एकत्रित परिणाम ऊष्मागतिकीने काढता येतो. मिथेन व कार्बन डायऑक्साइड समप्रमाणात घेतल्यास एक वातावरण दाबाला सुमारे ८७० अंश सेल्सिअसच्या खाली कार्बन तयार होणे शक्य असते. दाब दहा वातावरणांपर्यंत नेल्यास ही मर्यादा सुमारे १०३० अंशांपर्यंत सरकते. प्रयोगशाळांतील बहुसंख्य चाचण्या ७०० ते ८०० अंशांच्या पट्ट्यात होतात. याचा अर्थ त्या चाचण्यांत कोक साचण्यास निसर्गनियमांची आडकाठी नसते. आडकाठी निर्माण करावी लागते ती उत्प्रेरकाच्या रचनेने.

ही रचना समजण्यासाठी कार्बनचा पृष्ठभागावरील प्रवास लक्षात घ्यावा लागतो. मिथेनच्या रेणूतील हायड्रोजन एकामागून एक निघून जातात आणि निकेलवर कार्बनचा अणू उरतो. कार्बन डायऑक्साइडपासून आलेला ऑक्सिजन वेळेवर मिळाला तर त्याचे कार्बन मोनॉक्साइड होते व पृष्ठभाग मोकळा होतो. ऑक्सिजन उशिरा पोहोचला तर कार्बनचे अणू एकत्र येतात, ग्राफाइटचे थर बनतात आणि पुष्कळदा निकेलचा कण टोकाशी घेऊन कार्बनचा तंतू वाढू लागतो. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये हेल्वेग व सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ प्रत्यक्ष घडत असताना टिपली आणि निकेलच्या पृष्ठभागावरील अणूंच्या पायऱ्यांशी तिचा संबंध दाखवून दिला. तेव्हा कोक साचणे म्हणजे दोन वेगांमधील शर्यत होय : कार्बन तयार होण्याचा वेग आणि तो काढून टाकला जाण्याचा वेग.

तंतुरूप कोकविषयी एक बाब विशेष लक्षात ठेवली पाहिजे. निकेलचा कण तंतूच्या टोकावर उघडाच राहत असल्याने तो आपले काम चालू ठेवतो. म्हणून कोक भरपूर साचूनही मिथेनचे रूपांतर बराच काळ कमी झालेले दिसत नाही. कारखान्यात मात्र हेच तंतू उत्प्रेरकाच्या गोळ्या फोडतात, नळ्या तुंबवितात आणि संयंत्र बंद पाडतात.

३. रचनेचे मार्ग

कोक रोखण्याचे जे मार्ग आजवर सुचविले गेले त्यांत चार प्रमुख आहेत.

पहिला मार्ग गंधकाचा. गंधक निकेलचे विष म्हणून ओळखले जाते. परंतु रिफॉर्मिंगसाठी निकेलच्या जितक्या लगतच्या अणूंचा समूह लागतो त्यापेक्षा मोठा समूह कार्बनचे बीज धरण्यासाठी लागतो, हे ओळखून रोस्त्रुप-निल्सन यांनी १९८० च्या दशकात निकेलचा पृष्ठभाग गंधकाने अंशतः झाकला. क्रियाशीलता घटली, पण कोक त्याहून अधिक प्रमाणात घटला. हा विचार पुढे स्पार्ग या नावाने औद्योगिक प्रक्रियेपर्यंत पोहोचला. विषाचा मात्रेत वापर करून औषध साधणारी ही कल्पना आजही या विषयातील सर्वांत शिकण्याजोगी कल्पना आहे.

दुसरा मार्ग घन द्रावणाचा. निकेल ऑक्साइड व मॅग्नेशियम ऑक्साइड यांची स्फटिकरचना सारखी असून निकेल व मॅग्नेशियम यांच्या आयनांचे आकारही जवळपास सारखे आहेत. त्यामुळे ते कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. अशा द्रावणातील निकेलचा थोडाच भाग हायड्रोजनने क्षपण होऊन धातुरूपात बाहेर येतो. त्याचे कण बारीक असतात व आधाराला घट्ट धरून राहतात. शिवाय मॅग्नेशियम ऑक्साइड आम्लारिधर्मी असल्याने कार्बन डायऑक्साइड जवळ धरून ठेवते. अमेरिकेत रुकेनस्टाइन व हू यांनी आणि जपानमध्ये तोमिशिगे, फुजिमोतो व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात या उत्प्रेरकांचा सखोल अभ्यास केला.

तिसरा मार्ग कणांच्या आकाराचा. निकेल-अ‍ॅल्युमिना एरोजेलवर काम करणाऱ्या कोरियन संशोधकांनी २००० मध्ये असे नोंदविले की सुमारे सात नॅनोमीटरपेक्षा लहान कणांवर तंतुरूप कार्बन वाढत नाही. त्यानंतर 'कण बारीक ठेवा' हे सूत्र जवळजवळ प्रमाण मानले गेले.

चौथा मार्ग संमिश्रांचा. निकेलमध्ये सोने मिसळल्यास ग्राफाइटला थारा देणाऱ्या जागा बंद होतात, हे डेन्मार्कमधील बेसेनबाखर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये वाफेच्या रिफॉर्मिंगसंदर्भात दाखविले. लोहाचे कार्य निराळे आहे. बेल्जियममधील गेंट येथील गटाने २०१५ मध्ये दाखविल्याप्रमाणे लोह कार्बन डायऑक्साइडकडून ऑक्सिजन घेते, स्वतः ऑक्साइड बनते आणि तो ऑक्सिजन कार्बनला देऊन पुन्हा मोकळे होते.

या चारही मार्गांत वर उल्लेखिलेल्या शर्यतीचाच विचार आहे. गंधक व सोने कार्बनची जमवाजमव अवघड करतात. मॅग्नेशियम ऑक्साइड व लोह ऑक्सिजनचा पुरवठा वाढवितात. बारीक कण कार्बनच्या थराला पसरण्यास जागा देत नाहीत.

४. २०२० चा शोधनिबंध : दावा व गुणवत्ता

कोरिया अ‍ॅडव्हान्स्ड इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी येथील जाफेर यावुझ यांच्या गटाने सौदी अराम्को कंपनीच्या संशोधकांसह लिहिलेला शोधनिबंध फेब्रुवारी २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. या गटाने मॅग्नेशियम धातू कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात जाळून एकस्फटिकी मॅग्नेशियम ऑक्साइड मिळविले व त्यावर मॉलिब्डेनमयुक्त निकेलचे अतिसूक्ष्म कण बसविले. उत्प्रेरक ८०० अंशांना ८५० तासांहून अधिक काळ अखंड चालला आणि त्यावर नोंद घेता येईल इतका कोक आढळला नाही, असा त्यांचा दावा आहे. मूळचे २.९ नॅनोमीटरचे कण उत्प्रेरक सक्रिय होताना सरकत जाऊन स्फटिकाच्या कडांवर एकत्र येतात, १७ नॅनोमीटरचे होतात आणि तेथेच स्थिरावतात, असे सिंक्रोट्रॉनच्या साहाय्याने दाखविण्यात आले आहे.

या कामाचे मोल प्रथम मान्य केले पाहिजे. ८०० अंश हे तापमान वर सांगितलेल्या ८७० अंशांच्या मर्यादेखाली आहे. म्हणजे जेथे कोक तयार होणे शक्य आहे तेथे तो रोखला गेला. कालावधीही नेहमीच्या दहा-वीस तासांच्या चाचण्यांच्या तुलनेत मोठा आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सतरा नॅनोमीटरचे कण कोकविरहित राहतात या निरीक्षणाने 'कण बारीक ठेवा' या सूत्राला धक्का बसतो. कोक रोखला जातो तो कण लहान असल्यामुळे की त्या कणांवर कार्बनला बीज धरण्याजोग्या जागा उरत नसल्यामुळे, हा प्रश्न या निबंधाने पुन्हा उभा केला. आकार हे कदाचित केवळ बाह्य लक्षण असावे, कारण नव्हे, असे मानण्यास येथे जागा आहे.

तरीही दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. कण कडांवर स्थिर झाले यावरून ते एकमेकांत मिसळून आणखी मोठे का होत नाहीत, याचा उलगडा होतो. कोक का साचत नाही, हा वेगळा प्रश्न आहे. त्यात मॉलिब्डेनमचा वाटा किती, आधाराच्या आम्लारिधर्माचा किती आणि कडांचा किती, हे एकमेकांपासून सुटे केल्याशिवाय इतरांना या रचनेवरून नवी रचना करता येणार नाही.

शिवाय निबंधाच्या सारांशातच ही पद्धत औद्योगिक व आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य मार्ग खुला करते, असे म्हटले आहे. येथे पुरावा व निष्कर्ष यांत अंतर पडते. ८५० तास म्हणजे सुमारे ३५ दिवस. वर्षाचे तास ८,७६० असतात आणि रिफॉर्मिंगच्या औद्योगिक उत्प्रेरकाकडून काही वर्षांच्या सेवेची अपेक्षा असते. आधार तयार करण्यासाठी लागणारा मॅग्नेशियम धातू मिळविण्यासच मोठी ऊर्जा खर्च होते. व्यवहार्यतेचा निर्णय या बाबी हिशेबात घेतल्यावरच देता येईल.

५. आक्षेप व उत्तर

त्याच वर्षी 'सायन्स'मध्येच युन हांग हू व एली रुकेनस्टाइन यांनी आक्षेप नोंदविला. निकेल ऑक्साइड व मॅग्नेशियम ऑक्साइड यांच्या घन द्रावणाचे उत्कृष्ट उत्प्रेरक पूर्वीच प्रसिद्ध झाले असताना त्यांची दखल घेतली गेली नाही, आणि ते उत्प्रेरक नव्या उत्प्रेरकापेक्षा सरस आहेत, असा त्यांचा आशय होता. रुकेनस्टाइन तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते व त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. मूळ लेखकांनी उत्तरात आपली उत्प्रेरकप्रणाली घन द्रावणापेक्षा मूलतः भिन्न असल्याचे सांगितले व कडांवरील स्थिरीकरणाची यंत्रणा हे आपले खरे योगदान असल्याचा पुनरुच्चार केला.

या वादाकडे केवळ अग्रक्रमाचा वाद म्हणून पाहणे योग्य होणार नाही. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पूर्वसूरींच्या कामाशी तुलना न करता नव्या उत्प्रेरकाचे श्रेष्ठत्व सांगता येत नाही, हा आक्षेप बिनतोड आहे. दुसरीकडे घन द्रावणात निकेल आधाराच्या आतून बाहेर येते, तर नव्या रचनेत ते बाहेरून बसविलेले आहे. तेव्हा दोन रचना एकच आहेत असेही म्हणता येत नाही. प्रश्न राहतो तो श्रेष्ठत्व ठरविण्याचा. वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, वेगवेगळ्या वायुप्रवाहांना, वेगवेगळ्या कालावधींसाठी तपासलेल्या उत्प्रेरकांची क्रमवारी लावण्यास समान मापदंड हवा. पंचवीस वर्षांच्या अंतराने झालेली दोन कामे एकाच तराजूत घालता येत नाहीत, याचे कारण या क्षेत्राने तराजूच निश्चित केलेला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या वादाने दाखवून दिलेली खरी उणीव ही आहे.

६. मोजमापातील तीन त्रुटी

पहिली त्रुटी समतोलाजवळ केलेल्या चाचण्यांची आहे. एक सोपे गणित पाहू. अभिक्रिया प्रथम कोटीची मानली आणि उत्प्रेरकाची क्रियाशीलता व वायूचा संपर्ककाल यांचा गुणाकार १० घेतला, तर रूपांतर समतोलमूल्याच्या ९९.९९ टक्क्यांपेक्षाही किंचित अधिक येते. आता निम्मी क्रियाशीलता नष्ट झाली असे समजू. गुणाकार ५ होतो आणि रूपांतर ९९.३ टक्के राहते. आलेखावर ही घट दिसणारही नाही व लेखक 'उत्प्रेरक स्थिर आहे' असे लिहून मोकळा होईल. हाच गुणाकार प्रारंभी ०.१ असता, तर रूपांतर ९.५ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आलेले लगेच दिसले असते. उत्प्रेरक भरपूर भरून मिळविलेले उच्च रूपांतर हे उत्प्रेरकाच्या आरोग्याचे प्रमाणपत्र ठरत नाही. अनेकदा ते आजार झाकणारे पांघरूण असते. २०२० च्या निबंधातील संश्लेषण वायूच्या जवळपास परिपूर्ण उत्पादनाचा दावा वाचतानाही हे भान ठेवणे आवश्यक आहे. कोक नसल्याचा त्यांचा पुरावा स्वतंत्र मोजमापावर आधारलेला आहे, ही त्यांची जमेची बाजू होय. केवळ सपाट आलेखावर तो आधारलेला असता तर तो स्वीकारता आला नसता.

दुसरी त्रुटी कोक मोजण्याच्या पद्धतीची आहे. वापरलेला उत्प्रेरक हवेत तापवून त्याच्या वजनातील घट मोजणे ही प्रचलित रीत आहे. परंतु त्याच वेळी धातुरूप निकेलचे ऑक्साइड होऊन वजन वाढते. उत्प्रेरकात १० टक्के निकेल असल्यास ही वाढ २.७ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे तितकाच कोक जळून गेला तरी वजनकाटा शून्य दाखवील. ही दुरुस्ती केली आहे की नाही, हे अनेक निबंधांत स्पष्ट केलेले नसते.

कालावधीचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. समजा, एक ग्रॅम उत्प्रेरकावरून दर तासाला सहा लिटर मिथेन जाते आणि त्यातील दहा हजारांत एक एवढाच कार्बन मागे राहतो. दहा तासांत सुमारे २९ ग्रॅम कार्बन उत्प्रेरकावरून जातो व त्यातील ३ मिलिग्रॅम साचतो. हे प्रमाण उत्प्रेरकाच्या वजनाच्या ०.३ टक्के आहे. वरील दुरुस्ती न केल्यास ते दिसणेच शक्य नाही. ८५० तासांत हाच कोक सुमारे पाव ग्रॅम होईल आणि एका वर्षात अडीच ग्रॅमहून अधिक, म्हणजे उत्प्रेरकाच्या स्वतःच्या वजनाच्या अडीचपट. दहा तासांच्या चाचणीतील 'कोकरोधक' उत्प्रेरक वर्षभरात नळी बुजवू शकतो. या गणितावरून ८५० तासांच्या चाचणीचे महत्त्वही कळते आणि 'कोक आढळला नाही' या विधानासोबत मोजमापाची किमान मर्यादा देणे का आवश्यक आहे, हेही कळते.

तिसरी त्रुटी दाबाची आहे. मिथेनॉल किंवा द्रव इंधने तयार करणाऱ्या पुढील प्रक्रिया अधिक दाबावर चालतात. म्हणून उद्योगात रिफॉर्मिंगही साधारणतः २० ते ३० बार दाबावर केले जाते. शुष्क रिफॉर्मिंगमध्ये दोन रेणूंचे चार रेणू होत असल्याने दाब वाढताच समतोल रूपांतर घटते आणि कोकची शक्यता वाढते. तरीही प्रसिद्ध होणाऱ्या बहुतेक चाचण्या वातावरणीय दाबाला, आणि पुष्कळदा हीलियम किंवा नायट्रोजनने विरल केलेल्या वायूवर केलेल्या असतात. विरल वायूमुळे घटक वायूंचा अंशदाब कमी होतो व अभिक्रियेला अनुकूल परिस्थिती आपोआप मिळते. अशा चाचणीतून मूलभूत ज्ञान मिळते यात शंका नाही. परंतु त्यावरून औद्योगिक निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे.

७. कार्बनचा ताळेबंद

या विषयावरील निबंधांच्या प्रस्तावनेत 'दोन हरितगृह वायूंचा एकाच वेळी नाश' हे वाक्य ठरलेले असते. हा दावाही तपासून पाहिला पाहिजे. एक मोल मिथेन जाळल्यास सुमारे ८०२ किलोज्यूल उष्णता व एक मोल कार्बन डायऑक्साइड मिळतो. शुष्क रिफॉर्मिंगच्या २४७ किलोज्यूलसाठी मिथेनच जाळावयाचे ठरविल्यास, एक टक्काही उष्णता वाया न जाता, वापरलेल्या प्रत्येक मोल कार्बन डायऑक्साइडमागे ०.३१ मोल पुन्हा हवेत जातो. भट्टीतील निम्मीच उष्णता अभिक्रियेला मिळाली तर हा आकडा ०.६२ होतो. पुढे मिळालेल्या वायूपासून इंधन तयार करून ते जाळले, तर उरलेला कार्बनही हवेतच परततो. उत्प्रेरक कितीही उत्तम असला तरी तो अभिक्रियेची ऊष्मा बदलू शकत नाही. तेव्हा हवामानासंबंधीचा दावा उत्प्रेरकावर अवलंबून नसून उष्णतेच्या स्रोतावर आणि अंतिम उत्पादनाच्या आयुष्यावर अवलंबून आहे.

या संदर्भात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील काम आवर्जून आठवावे असे आहे. व्ही. आर. चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मिथेनची कार्बन डायऑक्साइड व ऑक्सिजन यांच्याशी एकाच वेळी अभिक्रिया घडवून आणली. ऑक्सिजनशी होणारी अभिक्रिया ऊष्मादायी असल्याने शुष्क रिफॉर्मिंगला लागणारी उष्णता जागेवरच मिळते, आणि निकेलवरील कार्बन काढून टाकण्यासही मदत होते. उत्प्रेरकावर सर्व भार न टाकता वायुमिश्रणातच बदल करण्याचा हा दृष्टिकोन होता. जर्मनीतील लिंडे व बीएएसएफ या कंपन्यांनी २०१९ मध्ये बाजारात आणलेल्या प्रक्रियेतही कार्बन डायऑक्साइडसोबत वाफ वापरली जाते. वाफेचे प्रमाण कमी करणे हे तेथील उत्प्रेरकाचे साध्य आहे. अर्थात कारखान्याच्या पातळीवर 'शुष्क' हा शब्दही सापेक्षच आहे.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या दृष्टीने

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांसाठी दूरचा नाही. निकेलचे क्षार, अ‍ॅल्युमिना वा मॅग्नेशियम ऑक्साइड, क्वार्ट्झची नळी, भट्टी व वायुवर्णलेखन यंत्र एवढ्या साधनांवर पदव्युत्तर प्रकल्प उभा राहतो. साखर कारखान्यांच्या आसवनींमध्ये निर्माण होणारा जैववायू हा मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांचेच मिश्रण असल्याने महाराष्ट्रात या विषयाला स्थानिक संदर्भही आहे. मात्र त्यातील हायड्रोजन सल्फाइड काढल्याशिवाय निकेल टिकणार नाही, आणि त्याची मात्रा नियंत्रित केल्यास रोस्त्रुप-निल्सन यांची कल्पना पुन्हा उपयोगी पडेल का, हा अभ्यासण्याजोगा प्रश्न आहे.

अशा प्रकल्पांत नवे उत्प्रेरक पुष्कळ तयार होतात. परंतु निष्कर्ष मात्र एकाच साच्यातील असतो : उच्च रूपांतर, सपाट आलेख, म्हणून कोकरोधक. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्यांकडून पुढील पाच गोष्टींचा आग्रह धरल्यास अल्प साधनांतही विश्वासार्ह काम होऊ शकेल. एक, किमान एक चाचणी समतोलापासून दूर, कमी रूपांतरावर करावी. दोन, साचलेला कोक उत्प्रेरकाच्या वजनाच्या टक्केवारीत न देता रूपांतरित मिथेनमधील कार्बनच्या प्रमाणात द्यावा. तीन, निकेलच्या ऑक्सिडीकरणाची दुरुस्ती व मोजमापाची किमान मर्यादा नमूद करावी. चार, आत गेलेल्या व बाहेर आलेल्या कार्बनचा ताळेबंद मांडावा. हायड्रोजनचे प्रमाण एकाहून कमी आल्यास कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांच्यातील उपअभिक्रिया तपासावी. पाच, स्वतःच्या उत्प्रेरकासोबत निकेल व मॅग्नेशियम ऑक्साइडच्या घन द्रावणासारखा एक परिचित उत्प्रेरक त्याच परिस्थितीत तपासावा. २०२० च्या वादातील आक्षेपास सर्वांत सोपे उत्तर हेच आहे.

यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी सिंक्रोट्रॉन लागत नाही. लागतो तो थोडा अधिक वेळ, आणि निकाल आपल्या मनाविरुद्ध गेला तरी तो लिहिण्याची तयारी. एखादा उत्प्रेरक अमुक दाबाला, अमुक तासांनंतर कोकने भरला, हे स्पष्टपणे सांगणारा निबंध आज प्रकाशनास दुय्यम समजला जातो. वस्तुतः उत्प्रेरकाची रचना करणाऱ्याला अशा निबंधाचा उपयोग अधिक होतो, कारण शर्यतीत कार्बन केव्हा जिंकतो हे त्यावरूनच कळते.

९. निष्कर्ष

निकेल उत्प्रेरकांच्या रचनेत गेल्या चार दशकांत खरी प्रगती झाली आहे. गंधक, घन द्रावण, संमिश्र व स्फटिकाच्या कडा या क्रमाने कोकविषयीचे आपले आकलन सूक्ष्म होत गेले. २०२० चा शोधनिबंध या मालिकेतील महत्त्वाचा टप्पा आहे. विशेषतः कणांच्या आकाराविषयीची रूढ समजूत त्याने हलविली. परंतु त्यातील व्यवहार्यतेचा निष्कर्ष पुराव्याच्या पुढे गेलेला आहे, आणि पूर्वीच्या कामाशी समान परिस्थितीत तुलना नसल्याने त्याचे सापेक्ष श्रेष्ठत्व अनिर्णित राहते.

'कोकरोधक' हे विशेषण तापमान, दाब, वायुमिश्रण, रूपांतराची पातळी व कालावधी यांच्यासह लिहिले गेले तरच ते वैज्ञानिक विधान होते. हे संदर्भ गाळले की त्याचे केवळ प्रशंसापर शब्दात रूपांतर होते. संशोधन नियतकालिकांचे परीक्षक, मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांनी या विशेषणाची किंमत वाढविली, तर तो शब्द कमी निबंधांत दिसेल. पण जेथे दिसेल तेथे त्यावर विश्वास ठेवता येईल.